मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन: शब्द सगळेच देतात, हा सोबत क्रियापदही देतो

आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ज्यांना एखादा अनोळखी मराठी शब्द उचलून चार लोकांत वापरायची खाज आहे, स्टेटसला, कवितेत, ऑफिसात, भांडणात, कुठेही, त्यांच्यासाठी याच्याइतकी भारी आणि तीही फुकट गोष्ट मला अजून सापडलेली नाही. शिकागो युनिव्हर्सिटीने दक्षिण आशियाई भाषांचे जुने कोश ऑनलाइन ठेवलेत, त्यात मराठीचे पाच आहेत. मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे, बर्नसन आणि तुळपुळे-फेल्डहाउस. लॉगिन नाही, सबस्क्रिप्शन नाही, "आजचा शब्द बघितलात का" असं दर सकाळी टोचणारं नोटिफिकेशन तर नाहीच नाही.

नोटिफिकेशनचं मुद्दाम लिहिलं कारण मधे मी एक रोज एक शब्द देणारं ॲप वापरत होते, नाव घेत नाही. सकाळी स्क्रीनवर "किंकर्तव्यविमूढ" यायचं, खाली अर्थ एका ओळीत, त्याखाली एक वाक्य जे जगात कुठलाही माणूस बोलणार नाही, आणि मग जाहिरात. शब्द कळायचा पण त्याचं करायचं काय ते कळायचं नाही. दुपारपर्यंत विसरलेला असायचा. त्यात या ॲपवाल्यांचा एक समज असतो की अवघड शब्द म्हणजे संस्कृत शब्द, जोडाक्षरं जास्त म्हणजे शब्द भारी. अरे पण मराठीत खरे मजेदार शब्द तर शेतात, स्वयंपाकघरात आणि भांडणात पडलेत ना!

तर मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला साहेब, त्याच्या हाताखाली शास्त्रीमंडळी आणि सोबतीला कँडी बंधू, पहिली आवृत्ती १८३१ ची आणि ऑनलाइन जी आहे ती सुधारून वाढवलेली १८५७ ची, साधारण साठ हजार शब्दांची. मराठी शब्द, अर्थ इंग्रजीत. आता कोणी म्हणेल मराठी शिकायला इंग्रजी अर्थाचा कोश कशाला, मलाही तसंच वाटायचं, पण हा कोश परक्या माणसाला मराठी बोलता यावी म्हणून केलेला आहे, आणि त्यामुळे आपण मराठी लोक जे गृहीत धरतो ते सगळं यात लिहून ठेवलंय. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नामापुढे बारीक अक्षरात क्रियापदं दिलेली असतात. हा शब्द कर बरोबर चालतो का दे बरोबर, का खा, मार, लाव, धर. म्हणजे या नामाचं लग्न कुठल्या क्रियापदाशी लागलंय ते साहेबाने पत्रिकेसकट नोंदवलंय.

यात काय एवढं असं वाटत असेल तर "दम" घ्या. दम देतात, दम धरतात, दम खातात, दम मारतात, दम लागतो, दम काढतात, आणि कुणाकुणाला दम निघत नाही. दोनच अक्षरांचा शब्द आणि क्रियापद बदललं की माणूस धमकी देतोय, थांबलाय, धापा टाकतोय की बिडी ओढतोय ते ठरतं. नवीन शब्द शिकताना हीच गोष्ट कोणी सांगत नाही आणि मग आपण सगळ्याला "करणे" चिकटवून मोकळे होतो, एन्जॉय करणे, मिस करणे, फील करणे, आणि आता तर "पाऊस करतोय" पण ऐकलं मी परवा एका शाळकरी पोराकडून!

माझा यातला लाडका शब्द वाफसा. आमचे मामा परभणीकडचे, त्यांच्या फोनमधे जूनमधे हा शब्द सतत असतो, "वाफसा नाही अजून", "वाफसा आला की बघू". काहीजण वापसा म्हणतात. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही दर वर्षी हेच, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा आल्यावर पेरणी करा. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला वाटणार की वाफ आहे काहीतरी. तर नाही. पाऊस पडून गेला की जमीन लगेच पेरायच्या लायकीची नसते, चिखल असतो, पाय घातला की ढेकूळ बुटाला धरतं, पाभर, म्हणजे बी पेरायचं अवजार, चालत नाही. आणि फार दिवस गेले की ओल उडते, मग बी टाकून उपयोग नाही. या दोन्हीच्या मधली जी अवस्था, ओलही आहे आणि मातीत हवाही खेळतीये, ती वाफसा. हलक्या मुरमाड रानात तो लवकर येतो आणि काळ्या भारी जमिनीत वाट बघायला लावतो, मामांची जमीन काळी, त्यामुळे त्यांचं ते "नाही अजून".

आता हा शब्द नुसता पाठ करून काय करणार, मला कुठे पेरायचंय. पण वाफसा *येतो*, तो कोणी *करत* नाही, ही गोष्ट लक्षात आली आणि मग एकदम उजेड पडला की हा शब्द माणसांना किती फिट्ट बसतो. आमच्या घरी बाबांकडे पैशाचा विषय काढायचा असेल तर एक ठरलेली वेळ असते, मॅच हरल्यावर लगेच नाही आणि दुसऱ्या दिवशी ते हिशोबाची वही घेऊन बसल्यावर तर मुळीच नाही, त्या मधेच कुठेतरी. भावाने स्कूटरचा विषय काढायला तोंड उघडलं आणि मी म्हटलं थांब, वाफसा नाही अजून. आईला हसू आवरेना कारण ती मामांची बहीण, तिला शब्द माहेरचा. आता आमच्याकडे हा शब्द रुळलाच आहे, बॉसकडे रजा मागताना, मैत्रिणीला तिच्या ब्रेकअपबद्दल विचारताना, सगळीकडे आधी वाफसा बघायचा. इंग्रजीत मूड म्हणतात पण मूडमधे ते आधी पाऊस पडून गेलेला असणं नाही येत ना.

कोशात हे शोधताना आणखी एक मजा होते जी ॲपमधे होणं शक्यच नाही. "वाफ" एवढंच टाकलं तर वाफ, वाफा, वाफारा सगळे शेजारी शेजारी दिसतात, आपण एकाच्या घरी जातो आणि चार घरी चहा पिऊन येतो. शेतीचेच शब्द बघत बघत मी निसवणे पर्यंत पोचले. पीक वाढत जातं, मग कणीस अजून पानाच्या आवरणात असतं, ताटाचा वरचा भाग फुगतो, त्याला पोटरी म्हणतात, ज्वारी पोटऱ्यात आली म्हणतात, मग ते कणीस बाहेर पडतं म्हणजे ज्वारी निसवली, आणि मग पुढे दाणे भरून हुरडा. पोटरी म्हणजे पायाची पोटरी एवढंच मला ठाऊक होतं, आणि खरंच बघा, फुगलेलं ताट दिसतंही तसंच.

हे मी ऑफिसात वापरलं. सॉफ्टवेअरचं एक रिलीज बरेच दिवस अडकलंय, दर स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, "ऑलमोस्ट डन" चालू होतं. माझी पाळी आली तर मी म्हटलं, सर पोटऱ्यात आहे, निसवायला थोडा वेळ लागेल. पुण्यामुंबईची पोरं माझ्याकडे बघत बसली पण आमचा टेस्टिंगवाला बार्शीचा, तो म्युट काढून जो हसला! नंतर त्याने मला स्वतंत्र मेसेज करून सांगितलं की मॅडम आमच्याकडे पोटऱ्यात असताना पाणी तुटलं तर पीक गेलं समजा, म्हणजे सर्व्हर बंद ठेवू नका. याला म्हणतात शब्दाला शब्द! कोशात अर्थ मिळतो पण त्या शब्दाला पुढे कुठे ताणायचं हे असं शब्द वापरणारा माणूसच सांगू शकतो, म्हणून माझा आग्रह आहे की नवीन शब्द आधी ज्याच्या गावचा आहे त्याच्यावर टाकून बघा.

आमचा मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, त्यात आम्ही खेळ सुरू केलाय. एकीने कोशातून शब्द काढायचा आणि बाकीच्यांनी तो मूळ अर्थाच्या बाहेर, पण शब्द दुखावणार नाही असा वापरायचा. "गुंतवळ" वर भरपूर मारामारी झाली. विंचरताना निघणारी केसांची गुंडाळी म्हणजे गुंतवळ, आपल्या सगळ्यांच्या बाथरूममधे रोज असते आणि नाव माहीत नसतं. एकीने चार्जरच्या ड्रॉवरला वायरींचा गुंतवळ म्हटलं, ठीक, ते कोणीही म्हणेल. दुसरीने लिहिलं, "लग्नाच्या याद्या, पंचवीस एक्सेल शीट, सगळा गुंतवळ झालाय आणि कंगवा सासूबाईंच्या हातात." पैज तिथेच संपली. "दिवाभीत" म्हणजे घुबड, दिवसाला भिणारं, हा आता आमच्या अमेरिकन शिफ्टवाल्या एका मैत्रिणीचा अधिकृत किताब आहे, ती सकाळी अकराच्या आधी फोन उचलत नाही. आणि "एरंडाचं गुऱ्हाळ" तर ऐकलेलं सगळ्यांनी होतं पण एरंडाच्या दांड्यात रसच नाही, कितीही चरकात घाला, हे डोळ्यापुढे आणून वापरलं की सोमवारच्या सकाळच्या कॉलचं याहून अचूक वर्णन होऊच शकत नाही.

"किडुकमिडुक" वर मात्र एकीची आजी आडवी आली. हिने लिहिलं, संध्याकाळी खायला काहीतरी किडुकमिडुक आणते. वाचायला गोड वाटतं ना? आजी म्हणाली किडुकमिडुक खायचं नसतं, ते मोडायचं असतं! म्हणजे बाईच्या अंगावरचं, डब्यातलं ते थोडंसं सोनं, एखादी फुली, बुगडी, अडीनडीला विकून टाकायचं. मग मी त्या अर्थाने वापरून पाहिलं, म्युच्युअल फंडातलं किडुकमिडुक मोडून लॅपटॉप घेतला, आणि आजींनी पास केलं. थोडक्यात खाऊला सटरफटर म्हणा.

शोधायच्या सोयीबद्दल. देवनागरीत टाइप करता येतं, रोमनमधेही. नुसत्या मुख्य शब्दांत शोधता येतं किंवा पूर्ण नोंदीत, आणि हे दुसरं फार कामाचं आहे कारण मोल्सवर्थमधे अर्थ इंग्रजीत असल्यामुळे उलटं जाता येतं. घुबडाचा इंग्रजी शब्द टाकून पूर्ण नोंदींत शोधलं की मराठीत त्या पक्ष्याच्या नावाने काय काय चाललंय ते कळतं, म्हणी, शिव्या, शकुन सगळं. कवितेला शब्द हवा असेल तेव्हा मी हेच करते.

आता तो अर्धा गुण. एक, स्पेलिंग. कोश १८५७ चा, म्हणजे सगळीकडे अनुस्वारांचा पाऊस. निसवणें, करणें, कांहीं, नांव. आपण शिकलो ती अनुस्वार गाळलेली पद्धत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतरची. त्यामुळे "निसवणे" असं आजचं टाकलं आणि काही आलं नाही तर शब्द नाहीच असं समजून निघून जाऊ नका, शेपूट कापून "निसव" एवढंच टाका. ऱ्हस्व दीर्घाचंही तेच, किडुक नाही मिळालं तर किडूक. नवीन माणूस इथेच वैतागून बाहेर पडतो. दोन, इंग्रजी. साहेबाचं इंग्रजी जुन्या वळणाचं, एका मराठी शब्दाला सहा-सात इंग्रजी शब्दांची रांग लावतो आणि त्यातले दोन आपल्याला परत दुसऱ्या कोशात बघावे लागतात. तीन, आणि हे जरा गंभीरपणे, यात म्हणी भरपूर आहेत आणि त्यातल्या कितीतरी जातींवरून आणि बायकांवरून आहेत. त्या काळी लोक बोलायचे, कोशकाराने नोंदवलं, बरोबर केलं, नोंदवायलाच हवं. पण "जुनी अस्सल म्हण" म्हणून त्या उचलून स्टेटसला टाकणारे महाभाग मी पाहिलेत. शब्द जुना आहे म्हणून निरागस नसतो बाबांनो.

आणि अर्थातच यात विसाव्या शतकातलं काही मिळणार नाही, ते शोधायला जाऊ नये. त्यासाठी आणि एकूणच इंग्रजीचा कंटाळा असेल तर तिथेच दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ पासून खंड निघत गेले आणि पुरवणी १९५० ला. मराठी-मराठी. याची गंमत वेगळी, हा आधार देतो, म्हणजे शब्द ज्ञानेश्वरीत कुठे आला, बखरीत कसा आला. आणि शब्द कुठल्या भागातला तेही सांगतो, वऱ्हाडी, कुडाळी, राजापुरी, गोमंतकी. माझी एक मैत्रीण गोव्यातल्या फोंड्याची आहे, तिच्या आजीचे शब्द आम्ही "हे कोकणी आहे, मराठी नाही" म्हणून उडवून लावायचो, तिने दाते-कर्वे उघडून गो. असा शिक्का असलेल्या नोंदींचे स्क्रीनशॉट एकामागून एक टाकले आणि ग्रुपवर दहा मिनिटं शांतता. पण क्रियापदं जशी मोल्सवर्थ नेमाने देतो तशी इथे नोंदीच्या पोटात हुडकावी लागतात, म्हणून वापरायला शिकायचं असेल तर माझं मत मोल्सवर्थलाच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. वझ्यांचा १९११ चा शाळेसाठीचा कोश आटोपशीर आहे, घाईत बरा. मॅक्सीन बर्नसन बाईंचा, त्या फलटणला राहून मराठीत काम केलेल्या, तो रोजच्या बोलीचा आहे आणि परदेशात वाढलेल्या भाचरांना द्यायला एकदम योग्य, माझ्या न्यू जर्सीच्या भाचीला मी तोच दिलाय. तुळपुळे-फेल्डहाउस यादवकाळातल्या मराठीचा, तो उघडला की रात्र गेली समजा, पण तिथला शब्द आज वापरला तर समोरच्याला चक्कर येईल. आणि हे सगळं एका जागी मराठीतून बघायचं असेल तर बृहद्कोश नावाची साइट आहे, ती एका वेळी बऱ्याच मराठी कोशांत शोधते, मोबाईलवर मी आधी तीच उघडते आणि खोलात जायचं झालं तर मग शिकागो.

छापील घ्यावा का? मोल्सवर्थची पुनर्मुद्रणं निघालेली आहेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळून जातात. नऊशेच्या आसपास मोठी पानं, बारीक टाइप, मांडीवर घेऊन वाचायचा प्रकार नाही, टेबल लागतं आणि चाळिशी लागलेली असेल तर भिंगही. शोधायला ऑनलाइनच सोयीचा. पण नुसतं कुठलंही पान उघडून भटकायचं असेल, ज्याला माझी आई "पानं चाळत उंडारणं" म्हणते, तर छापीलला तोड नाही, स्क्रीनवर आपण जे शोधतो तेच मिळतं आणि कागदावर जे शोधत नव्हतो ते.

कोणी घेऊ नये तेही लिहिते. स्पर्धा परीक्षेसाठी समानार्थी विरुद्धार्थी पाठ करणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये, एका शब्दाला आठ अर्थ दिसले की पर्याय अ की ब ते ठरणार नाही. ज्यांना भाषणात टाळ्या घेणारे जड शब्द हवेत त्यांनीही ॲपच वापरावं. आणि ज्यांच्या घरी आई-मामा-आजी अजून असे शब्द सहज बोलतात त्यांनी कोश उघडायच्या आधी फोन लावावा, फक्त पेरणीच्या दिवसांत मामांना दुपारी लावू नका, उचलत नाहीत.